७७० अंशांवरची गर्दी

जालन्यात घर बांधायला काढलेल्या माणसाला एक सूत्र आठवड्याभरात तोंडपाठ होतं: डी स्क्वेअर बाय १६२. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ने भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. बारा एमएमची सळई घ्या. बाराचा वर्ग १४४, म्हणजे मीटरला ८८९ ग्रॅम. बारा मीटरचा अख्खा बार सुमारे १० किलो ६६० ग्रॅम. काट्यावरचा आकडा आणि हा आकडा जुळला की ठेकेदार आणि घरमालक दोघेही निर्धास्त.

मला हे सूत्र तिथेच सोडवत नाही. १० किलो ६६० ग्रॅम लोखंडात अणू किती? लोखंडाच्या ५५.८५ ग्रॅममध्ये ६०२ वर २१ शून्यं इतके अणू असतात. भागाकार-गुणाकार केला की एका सळईत निघतात ११५ वर २४ शून्यं, म्हणजे १ लाख १५ हजार कोटी कोटी कोटी अणू. पृथ्वीवरची ८०० कोटी माणसं कामाला लावली, प्रत्येकानं सेकंदाला एक अणू मोजला, रात्री झोप नाही, जेवायची सुट्टी नाही, तरी मोजणी संपायला ४५ कोटी वर्षं लागतील. डायनासोर यायच्याही आधी मोजायला बसलो असतो तरी आज आपण निम्म्याच्या थोडं पुढे असतो. आणि ही एक सळई. ट्रकमध्ये शेकड्यांनी असतात.

आता यातला प्रत्येक अणू एक इवलं चुंबक आहे.

ही गोष्ट आपण शाळेत वाचतो आणि तशीच पुढे जातो. मला तिथे थांबायचं आहे, कारण जालन्याच्या प्रत्येक सळईच्या जन्मात एक क्षण असा येतो की ही सगळी इवली चुंबकं एकमेकांचं ऐकणं सोडून देतात. त्या क्षणाचं तापमान ७७० अंश सेल्सियस. आणि त्या क्षणाची खूण, कुणी बघत असेल तर, विजेच्या रोधात उमटते.

जालना जिल्हा १ मे १९८१ला औरंगाबादपासून वेगळा झाला. बाहेरच्यांना तो बियाणं आणि मोसंबीसाठी माहीत असतो, पण एमआयडीसीतून रात्री गेलं की शेडच्या फटींतून दिसणारा नारिंगी उजेड सांगतो की इथलं तिसरं पीक लोखंडाचं आहे. भंगार येतं, इंडक्शन भट्टीत वितळतं, त्याच्या चौकोनी कांबी, म्हणजे बिलेट, ओतले जातात, ते रोलिंग मिलच्या रोलांमधून धावत धावत बारीक होत जातात आणि शेवटी सळई होतात. भंगाराच्या यार्डात क्रेनला टांगलेलं ताटासारखं गोल चुंबक असतं. प्रवाह सुरू केला की गंजलेले पत्रे, मोडके अँगल, यंत्रांचे सुटे भाग असं सगळं खडखडत त्याला जाऊन चिकटतं. प्रवाह बंद केला की धबाधब खाली. तेच चुंबक लालभडक बिलेटवर नेऊन धरलं तर ते त्याला ओढणार नाही. लोखंड तेच, अणू तेच, वजन तेच. फक्त ओढ गेलेली.

तापलेल्या लोखंडाची चुंबकाशी ओळख तुटते हे विल्यम गिल्बर्टनं १६००च्या त्याच्या ग्रंथातच नोंदवलं होतं. १८८९मध्ये जॉन हॉपकिन्सननं लोखंड तापवत त्याचं चुंबकत्व आणि विजेचा रोध दोन्ही तपासले, आणि चुंबकत्व जातं तिथेच रोधाच्या चढाची चाल बदलते हे त्याच्या ध्यानात आलं. १८९५मध्ये पिएर क्युरीनं आपल्या प्रबंधासाठी निरनिराळ्या पदार्थांवर तापमान बदलत मोजमापं केली, आणि त्या तापमानाला त्याचं नाव मिळालं. क्युरी बिंदू. लोखंडाचा ७७०, निकेलचा ३५५च्या आसपास. गॅडोलिनियम नावाच्या धातूचा तर सुमारे २० अंश, म्हणजे जानेवारीतल्या पहाटे जालन्याच्या ओट्यावर ठेवलेला गॅडोलिनियमचा तुकडा चुंबकाला चिकटेल आणि मे महिन्याच्या दुपारी त्याच ओट्यावर तो चुंबकाला जवळजवळ दाद देणार नाही.

आधी ही चुंबकं थंडीत एकत्र का राहतात ते बघू, कारण तिथला आकडाच धक्का देणारा आहे. जालन्याच्या जमिनीवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे, होकायंत्राची सुई वळण्यापुरतं. दवाखान्यातलं एमआरआयचं यंत्र साधारण दीड टेस्लाचं, आणि त्याच्या खोलीत कुणाला किल्ल्या घेऊन जाऊ देत नाहीत. लोखंडाच्या आत एका अणूला शेजाऱ्यांकडून जी ‘रांगेत राहा’ अशी ओढ लागते, ती क्षेत्राच्या भाषेत मांडली तर सुमारे १००० टेस्ला भरते. एमआरआयच्या सहाशे-सातशे पट. पृथ्वीच्या अडीच कोटी पट. पिएर वाइस यांनी १९०७मध्ये असं काही क्षेत्र आत असलंच पाहिजे असं गृहीत धरलं, पण ते येतं कुठून हे त्यांना सांगता येईना. १९२८मध्ये हायझेनबर्ग यांनी दाखवलं की ते खरं चुंबकीय क्षेत्र नाहीच. इलेक्ट्रॉनांना एकमेकांपासून अंतर राखून राहायला जो पुंजभौतिकीचा नियम भाग पाडतो, त्याच्यातून आणि त्यांच्या विद्युत प्रतिकर्षणातून ही ओढ येते. अणूचं चुंबकत्व इवलं, पण त्याला रांगेत धरणारा हात विजेचा आहे, म्हणून इतका बळकट.

सळई थंड असताना तिच्या आत असंख्य छोटे प्रदेश असतात. प्रत्येक प्रदेशातली चुंबकं एकाच दिशेला तोंड करून. प्रदेशांच्या दिशा निरनिराळ्या, म्हणून सळई स्वतः चुंबकासारखी वागत नाही. पण एखादा प्रदेश फक्त एक मायक्रोमीटर बाजूचा घन आहे असं धरलं तरी त्यात साडेआठ हजार कोटी अणू एका दिशेला बघत असतात. जगाच्या लोकसंख्येच्या दहा पट माणसं एकाच दिशेला तोंड करून उभी, आणि हे सगळं केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागात.

ही शिस्त मोडली तर काय होतं त्याचाही हिशोब करू. प्रत्येक अणूला फक्त दोनच दिशा आहेत असं मानू, वर किंवा खाली. प्रत्यक्षात त्याला कितीतरी मोकळीक असते, पण दोनच धरू. पूर्ण शिस्तीत सळईतल्या अणूंची रचना एकच: सगळे वर. शिस्त पूर्ण मोडली तर शक्य रचना किती? दोनाचा दोनाशी गुणाकार, तोही ११५ वर २४ शून्यं इतक्या वेळा. ही संख्या लिहायची कशी? तिच्यात किती अंक आहेत एवढंच सांगता येतं: सुमारे ३५ वर २४ शून्यं इतके अंक. मी एका अंकाला एक मिलिमीटर जागा देऊन ही संख्या सरळ रेषेत लिहायला घेतली, तर ओळ चंद्राला, सूर्याला, सगळ्या दिसणाऱ्या ताऱ्यांना मागे टाकत आकाशगंगेबाहेर पडेल. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका ओलांडेल आणि ३६ लाख प्रकाशवर्षांच्या पुढे कुठेतरी संपेल. ही एका सळईतल्या गोंधळाच्या तऱ्हांची संख्या. संख्या म्हणून लिहिलेली, मोजलेली नव्हे.

उष्णता या गोंधळाच्याच बाजूनं ओढते. थंडीत शेजाऱ्याची ओढ जिंकते. तापमान वाढवत नेलं की या अफाट शक्यतांचं पारडं जड होत जातं, आणि ७७०ला ते खाली टेकतं.

विजेकडे येण्याआधी स्वयंपाकघरातला एक प्रसंग सांगतो. गेल्या दिवाळीत भाची आली होती, नववीतली. मी तिला बारीक लोखंडी तार आणायला सांगितली, हार-गुच्छ बांधायला वापरतात तशी, पण बिनकलईची. दोन मीटर तार पेन्सिलीवर गुंडाळून तिचं स्प्रिंग केलं. दोन सेल, टॉर्चचा छोटा दिवा आणि ही तार एकापुढे एक जोडली. दिवा लागला. मग खिडकी उघडली, पक्कडीनं तार धरली आणि गॅसच्या निळ्या ज्योतीवर नेली. तार लाल व्हायला लागली तसा दिवा मंद होत गेला. पिवळा, तांबूस, मग नुसती काडेपेटीच्या काडीच्या टोकासारखी ठिणगी.

“मामा, सेल संपले.”

“अगं, गॅस बंद कर बघू.”

तिनं गॅस बंद केला. तार काळी पडली आणि दिवा पुन्हा उजळला. तिनं चार वेळा तसं करून बघितलं. मग लाल तारेजवळ चुंबक नेलं, तार हलली नाही. थंड झाल्यावर नेलं, तार उडी मारून चिकटली. तिचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. ती म्हणाली, “तांब्याची घेतली तर?”

तांब्याची घेतली तर दिवा जेमतेमच मंदावतो. शुद्ध तांब्याची रोधकता घरातल्या तापमानाला १.७ मायक्रोओहम सेंटीमीटर असते, ७७० अंशांना ७च्या आसपास, म्हणजे चौपट. अणू उष्णतेनं थरथरतात, इलेक्ट्रॉन त्यांना जास्त धडकतात, एवढंच. लोखंडाची रोधकता घरातल्या तापमानाला सुमारे १०, आणि ७७०ला १०५च्या आसपास जाते. दहापट. लोखंडाचे अणू तांब्याच्या अणूंपेक्षा इतके काही जास्त थरथरत नाहीत. या १०५तले ८०च्या आसपास चुंबकांच्या बेशिस्तीचे आहेत. लाल लोखंडातून वाहणाऱ्या विजेला जी अडचण होते, तिचा तीन चतुर्थांश वाटा दिशा हरवलेल्या चुंबकांचा आहे.

आणि चढाचा आकार बघा. २० अंशांपासून ४००पर्यंत रोधकता सुमारे ३०नं वाढते. ४००पासून ७७०पर्यंत, जवळजवळ तेवढ्याच अंतरात, ६५च्या आसपास वाढते. म्हणजे क्युरी बिंदू जवळ येईल तसा घाट उभा होत जातो. मग ७७० ओलांडलं की एकदम पठार. पुढच्या १३० अंशांत जेमतेम आठ-नऊची भर. मोडायला शिस्तच उरलेली नसते, त्यामुळे चढायला काही उरत नाही.

असं का होतं, हे मला राजूरच्या वाटेवर कळतं. भोकरदन तालुक्यातल्या राजूरच्या गणपतीला अंगारकीला पायी जाणाऱ्यांची रात्रभर रीघ लागते. सगळ्यांची तोंडं राजूरकडे असली की रस्ता कितीही भरलेला असो, चालणारा चालत राहतो. खांद्याला खांदा लागतो पण पाय अडत नाही. इलेक्ट्रॉनचं असंच आहे. लोखंडात तो सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटरच्या वेगानं धावतो, जालना ते मुंबई अर्ध्या सेकंदाच्या आत. पण सरळ धावायला मिळतं किती? थंड लोखंडात काही नॅनोमीटर, म्हणजे दहा-वीस अणू ओलांडेपर्यंत. मग धडक. गर्दीतला प्रत्येक जण मनाला येईल तिकडे तोंड करून उभा राहिला की दोन पावलांत कुणाच्या तरी छातीवर आपटायचं. ७७०च्या लोखंडात इलेक्ट्रॉनची सरळ धाव जेमतेम एक-दोन अणूंची उरते. याहून कमी व्हायला जागाच नाही. एका पावलापेक्षा कमी पाऊल कसं टाकणार?

इथपर्यंतची गोष्ट सोपी आहे. खरी गंमत त्या तापमानाच्या अगदी लगत आहे, आणि तिथे भल्याभल्यांचा अंदाज चुकला.

क्युरी बिंदूजवळ शिस्त सगळीकडून सारखी मोडत नाही. बेटं तयार होतात. इथे काही हजार चुंबकं क्षणभर एका दिशेला, तिथे दुसऱ्या दिशेला, पुढच्या क्षणी दोन्ही विस्कटून तिसरीकडे नवं बेट. हा क्षण म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या हिशोबातला. आणि क्युरी बिंदूच्या जितकं जवळ जावं तितकी बेटं मोठी होतात. किती मोठी, याचा नियम थक्क करणारा आहे: बिंदूपासूनचं तापमानाचं अंतर दहापट कमी केलं की बेटाची लांबी सुमारे पाचपट वाढते. लांबी पाचपट म्हणजे आतल्या अणूंची संख्या सव्वाशेपट. दहा अंश लांब असताना बेटात शंभर अणू असतील, तर एक अंशावर साडेबारा हजार, अंशाच्या दहाव्या भागावर पंधरा लाख, शंभराव्या भागावर वीस कोटींच्या जवळ. आणि बरोब्बर बिंदूवर, तत्त्वतः, बेटाला काठच राहत नाही.

१९५८मध्ये फ्रान्सच्या पिएर-जिल द जेन आणि जाक फ्रीडेल यांनी विचार केला की अशी महाकाय बेटं विजेला जबर अडवणार. प्रकाशाचं तसं होतं हे माहीत होतं: द्रव आणि वायू यांच्यातला फरक जिथे पुसला जातो त्या तापमानाला स्वच्छ द्रवसुद्धा दुधासारखा पांढरा पडतो, कारण घनतेची बेटं प्रकाशाच्या लहरीइतकी मोठी होतात आणि प्रकाश विखुरतात. मग विजेलाही क्युरी बिंदूवर टोकदार शिखर मिळायला हवं. तर्क सुंदर होता. तो मांडणाऱ्या द जेन यांना पुढे १९९१चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, अर्थात वेगळ्या कामासाठी.

पण निकेलवर अतिशय बारीक मोजमापं झाली तेव्हा रोधकतेला शिखर नव्हतं. शिखर होतं ते चढाला. रोधकता स्वतः गुळगुळीत वर जाते, पण ती किती वेगानं वर जाते हे काढलं तर क्युरी बिंदूवर सुळका उभा राहतो. आणि तो सुळका ओळखीचा होता. धातू एक अंशानं तापवायला किती उष्णता लागते, त्या विशिष्ट उष्णतेच्या आलेखातही क्युरी बिंदूवर असाच सुळका असतो. लोखंडात तिथे ती घरातल्या तापमानाच्या तिपटीहून जास्त होते.

वीज आणि उष्णता, दोन वेगळी मोजमापं, आणि आलेख मात्र सख्ख्या भावंडांसारखे. १९६८मध्ये मायकेल फिशर आणि जेम्स लँगर यांनी चार पानांच्या आतबाहेरच्या एका लेखात याचं कारण सांगितलं, आणि मला वाटतं, या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी कल्पना तीच आहे. इलेक्ट्रॉनला लांबचं दिसतच नाही. त्याची लहर दोन-तीन अणूंइतकी आखूड, आणि सरळ धावही तेवढीच. वीस कोटी अणूंचं बेट त्याच्यासाठी बेट नाहीच. त्याला कळतं फक्त लगतचं: हा अणू आणि त्याच्या शेजारचा अणू एका दिशेला बघतायत का? राजूरच्या वाटेवरचा माणूस मैलभर लांब गर्दीचा लोंढा कुठे वळतोय यानं अडखळत नाही. तो अडखळतो समोरच्या दोघांची तोंडं दोन दिशांना असल्यानं. आणि चुंबकत्वाची ऊर्जा कुठे साठलेली असते? तीही शेजाऱ्या-शेजाऱ्यांत. शेजारी एकमताचे असले की ऊर्जा कमी, भांडले की जास्त. म्हणून रोधकता हा शेजाऱ्यांच्या मतभेदाचा आकडा, ऊर्जा हाही त्याच मतभेदाचा आकडा, आणि दोघांचा चढ एकाच सुळक्याचा.

मोठ्या संख्यांच्या मागे लागलेल्या मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. बेटं वीस कोटींची होवोत की अनंत, बारा मीटरच्या सळईतून जाणाऱ्या विजेचं भवितव्य ठरतं ते पाव नॅनोमीटरवरच्या शेजाऱ्यावरून.

आपल्याकडे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, याच प्रश्नाच्या एका विचित्र बाजूवर महत्त्वाचं काम झालं. ई. व्ही. संपतकुमारन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये गॅडोलिनियम, पॅलेडियम आणि सिलिकॉनच्या एका संयुगाची रोधकता थंड करत करत मोजली. धातू थंड केला की रोधकता उतरत जायला हवी. हे संयुग उणे २५२ अंशांच्या आसपास, म्हणजे २१ केल्विनला चुंबकीय शिस्तीत येतं. पण त्याच्या दुपटीहून वरच्या तापमानाला उतरणारी रोधकता थांबली आणि पुन्हा वर चढू लागली. शिस्त अजून लांब होती, आणि तिच्या येण्याची चाहूल देणारे चुंबकांचे हेलकावे आधीच विजेची वाट अडवत होते. गॅडोलिनियमच्या संयुगाकडून हे कुणी अपेक्षिलं नव्हतं. वीसेक वर्षांनी, २०१९मध्ये, जपानच्या शास्त्रज्ञांना याच संयुगात चुंबकांच्या भोवऱ्यांची जाळी सापडली आणि जगभरचं लक्ष त्याकडे वळलं. रोधाच्या आलेखातली ती बारीकशी वळणाची रेष मुंबईत आधी दिसलेली होती, याचं मला अप्रूप वाटतं.

आता पुन्हा भट्टीवर येऊ, कारण या पाव नॅनोमीटरच्या मतभेदाचं बिल युनिटमध्ये येतं.

इंडक्शन भट्टीत ज्योत नसते. तांब्याच्या पोकळ नळीची कॉइल, तिच्यातून वाहणारं पाणी आणि सेकंदाला काही शे वेळा दिशा बदलणारा प्रवाह. त्यामुळे भंगाराच्या आतच भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि भंगार स्वतःच्या रोधानं तापतं. म्हणजे इथे रोध हाच सरपण. पण हे प्रवाह भंगारात किती खोल शिरतात? ५०० आवर्तनांची भट्टी धरू. थंड पोलाद चुंबकीय असतं, ते क्षेत्राला पृष्ठभागावरच अडवतं. चुंबकीय पार्यता शंभर धरली तर प्रवाह जेमतेम १ मिलिमीटर जाडीच्या कातडीत वाहतो. ७७० ओलांडलं की दोन गोष्टी झालेल्या असतात: चुंबकत्व गेलेलं असतं आणि पोलादाची रोधकता, शुद्ध लोखंडासारखी दहापट नसली तरी, पाचपटीहून जास्त झालेली असते. खोली एकदम २३-२४ मिलिमीटर. जो प्रवाह नखाएवढ्या जाडीत कोंडलेला होता तो इंचभर आत उतरतो. कॉइलला समोरचा माल अचानक वेगळाच वाटतो, आणि वीजपुरवठ्याच्या पॅनेलला आपली चाल बदलावी लागते.

एक टन भंगार वितळवायला प्रत्यक्षात ५०० ते ६५० युनिट वीज लागते. त्यातला किती भाग केवळ चुंबकांची शिस्त मोडण्यात जातो? लोखंडाच्या चुंबकीय ऊर्जेवरून हिशोब मांडला तर टनाला सुमारे ४० युनिट. तुलनेसाठी, लोखंडाचं घनरूप मोडून त्याचा द्रव करायला, म्हणजे निव्वळ वितळण्याच्या पायरीला, टनाला ७०च्या आसपास युनिट लागतात. डोळ्यांना दिसणाऱ्या वितळण्याच्या निम्म्याहून जास्त ऊर्जा एका अशा बदलाला लागते, जो कुणालाच दिसत नाही. ना रंग बदलतो, ना आकार. नुसती तोंडं वळतात.

ही ऊर्जा थंड होताना परत मिळते. २०२३-२४मध्ये भारतात १४ कोटी ४० लाख टनांच्या आसपास कच्चं पोलाद तयार झालं. ते सगळं एकदा तरी थंड झालंच. टनाला ४० युनिट धरले तर त्या वर्षी देशभरच्या पोलादानं केवळ पुन्हा रांगेत उभं राहताना ५७६ कोटी युनिटांइतकी उष्णता हवेत सोडली. महिन्याला २०० युनिट वापरणारं घर धरा: २४ लाख घरांची वर्षभराची वीज.

सळईच्या बाबतीत एक गोष्ट नीट सांगायला हवी. ७७० हा आकडा शुद्ध लोखंडाचा. सळईत कार्बन, मँगनीज असतं, आणि ९१२ अंशांच्या वर शुद्ध लोखंडाच्या अणूंची मांडणीच वेगळी असते. थंड होताना पोलाद ती मांडणी चटकन सोडत नाही, त्यामुळे घाईनं गार केलेल्या सळईत चुंबकत्व ७७०च्या बरंच खालीही येऊ शकतं, मांडणी बदलते त्याच क्षणी. टीएमटी सळईत तर हे एकाच वेळी दोन तऱ्हांनी होतं. शेवटच्या रोलातून सुटलेली लाल सळई पाण्याच्या मारातून जाते. बाहेरचं कवच क्षणात गार होऊन कडक होतं, गाभा मात्र अजून धगधगत असतो. पाण्यातून बाहेर पडणाऱ्या त्या सळईच्या कवचात चुंबकं रांगेत लागलेली असतात आणि चार-पाच मिलिमीटर आत, गाभ्यात, अजून सगळी बेशिस्त. वीज सोडली तर ती कवचातून सोपी वाट काढेल आणि गाभ्यात अडखळेल. मग गाभ्याची उष्णता बाहेर येते, कवच पुन्हा लालसर होतं, आणि रांगेची सीमा काही सेकंदांत आत सरकत सरकत मध्यावर मिटते.

कूलिंग बेडवर सळया एकीशेजारी एक पडलेल्या असतात. रात्रीच्या पाळीला तिथे उभं राहिलं की चेहरा भाजतो आणि पाठ गार असते. लाल रंग उतरून राखाडी होत जातो, मधूनच टक्‌ असा आवाज येतो. त्या वेळी प्रत्येक सळईची रोधकता खाली घसरत असते, आधी झपाट्यानं, मग हळूहळू. शंभरीतून साठ, साठातून चाळीस. थंड सळईचा गठ्ठा बांधायला माणूस पुढे येतो, हातात बाइंडिंगची तार, कमरेला पक्कड. पक्कडीचं टोक कधीकाळी चुंबकाला लागून चुंबक झालेलं असतं. तो ती सळईवर ठेवतो आणि दुसऱ्या हातानं तारेला पीळ द्यायला तार वेढतो. पक्कड घसरत नाही, सळईला धरून राहते.